कोपर टेकायला जागा

मित्रांनो, मी एक जुने जेवणाचे टेबल आहे. स्वयंपाकघरात खिडकीला लागून माझी जागा. ज्या सुताराने मला घडवले, तो माझे पाय ठोकून म्हणाला होता, "यावर हत्ती नाचला तरी हलायचं नाही." हत्ती काही आला नाही. या घरातला मुलगा मात्र माझ्यावर मनसोक्त नाचला.

त्याचे वडील घड्याळे दुरुस्त करीत. दुकानात उरलेले काम ते घरी आणत आणि माझ्यावर पांढरे फडके अंथरून बसत. समोर त्यांची बायको भाजी चिरत असे. "तुमचा एखादा स्क्रू भाजीत गेला, तर मला बोल लावायचा नाही," असे ती रोज बजावी. माझे ते दिवस सोन्याचे होते.

पुढे मुलगा नोकरीसाठी दूर गेला. त्यांची बायको वारली. मग घड्याळजींचे हात थरथरू लागले आणि त्यांनी दुकान बंद केले. फोनवर मुलाला मात्र ते "मी ठणठणीत आहे" म्हणत. खरे काय ते मलाच ठाऊक होते, कारण त्यांचा चहाचा कप माझ्यावर खडखडत असे.

आणि एकदा जोडून सुट्टी आली. मुलगा, सून आणि त्यांची तान्ही मुलगी घरी आली. शेजारच्या दुकानातले जुने स्नेही शिंपीकाका आणि काकूही आले. बाळ या मांडीवरून त्या मांडीवर फिरत होते. घड्याळजींची पाळी आली, तेव्हा ते म्हणाले, "नको, मला सर्दी झाली आहे." दुसऱ्यांदा म्हणाले, "हात ओले आहेत."

मुलगा माझ्याजवळ उभा राहून बायकोला हळूच म्हणाला, "बाबांना नातीचं अप्रूपच नाही." घड्याळजी दाराशीच होते. त्यांनी ते ऐकले आणि आल्या पावली ते मागे फिरले. मी लाकडाचे, बोलणार तरी काय?

दुसऱ्या दिवशी पाहुणे बाहेरच्या खोलीत गप्पांत रंगले होते, घड्याळजी मात्र स्वयंपाकघरातच होते. सुनेने बाळाचे कपडे बदलायला त्याला माझ्यावर निजवले. कोरडे दुपटे आणायचे राहिले होते. "बाबा, एवढं लक्ष ठेवा, आलेच मी," म्हणत ती गेली.

बाळ नुकतेच कुशीवर वळायला शिकले होते. ते वळले, पुन्हा वळले आणि थेट माझ्या कडेला आले. घड्याळजींनी झेप घेऊन त्याला दोन्ही हातांनी धरले. सून परत आली तेव्हा बाळ सुखरूप होते. सासऱ्यांचे हात मात्र पानासारखे थरथरत होते.

"कधीपासून होतंय हे?" तिने विचारले.

"बरेच दिवस झाले. पोर हातातून पडेल, या भीतीने घेत नव्हतो गं."

तिने खुर्ची पुढे ओढली. "बसा. कोपरं टेबलावर टेका." मग बाळ त्यांच्या हातांत दिले. त्यांची थरथर कोपरांतून माझ्यात उतरली आणि मी ती सोसली. बाळ मजेत त्यांच्या चष्म्याकडे बघत राहिले.

मुलगा दारात येऊन थबकला. "मला का नाही सांगितलंत?"

"तू काम टाकून धावत आला असतास."

"मग यायला नको होतं का?"

घड्याळजींनी बाळाला आणखी जवळ घेतले.

सुट्टी संपली, गाडी गेली. जाताना मुलाने डॉक्टरांकडे न्यायला लवकरच येतो म्हणून सांगितले आहे. तोवर घर पुन्हा रिकामे आहे. घड्याळजी एकटेच जेवतात. जेवण झाल्यावरही बराच वेळ कोपरे टेकून, ओंजळ रिकामी धरून बसतात. तेवढे वजन मला फार जड वाटते.

मित्रांनो, तुमच्या घरचे कुणी म्हातारे माणूस बाळाला घ्यायला नको म्हणाले, तर रागावू नका. आधी त्यांना बसायला खुर्ची द्या.