एका वेळी वीस

आईने मला एकच अट घातली होती. "उद्या अप्पय्यांच्या शोकसभेत एकही विनोद करायचा नाही. आयुष्यात एकदा तरी माणसासारखं बोल."

अट अन्यायाची नव्हती. काकाच्या लग्नात मी त्याचं कौतुक करायला उभा राहिलो आणि त्याच्या घोरण्याची नक्कल करून खाली बसलो. काकू अजून माझ्याशी बोलत नाही.

अज्ज, म्हणजे आईचे वडील, तिचे अप्पय्या, सुब्राय हेगडे, बांधकाम खात्यातून इंजिनियर म्हणून निवृत्त झाले, शिरसीजवळच्या आमच्या गावी परतले आणि नदीवर झुलता पूल उभा केला. मीही इंजिनियरच. तुमचं जेवण किती मिनिटं उशिरा येणार हे सांगणारं ॲप मी बेंगळुरूत बसून सांभाळतो. ते वेळही चुकीची सांगतं.

पंचायत अध्यक्ष बीरा गौडांनी जाहीर केलं, पुलाच्या माणसाला श्रद्धांजली पुलावरच. तेराव्याचं जेवण जेवून, गालात पान-सुपारी कोंबून, एकशे चाळीस माणसं नदीकडे निघाली. पुलाच्या तोंडाशी अज्जांनी स्वतः रंगवलेली पाटी होती : 'एका वेळी वीस माणसं. एकविसाव्याने थांबावे.'

"आता हेगडेच नाहीत, मोजतंय कोण?" सुपारीचे व्यापारी परमेश्वर भट म्हणाले.

सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी तारेवर दोनदा टिचकी मारली आणि गंभीर झालो. मला एवढंच येत होतं.

"मोजायचं," आई म्हणाली. "वीस म्हणजे वीस."

मी आणि आई पुलावर कायमचे, म्हणून एका खेपेला अठरा. भटांना दोन माणसं धरावं, असं गौडांनी सुचवलं.

"दोन? अहो मारायरे, मी धड जेवलोसुद्धा नाही!"

"मग मघाशी पुरणाचे सात होळिगे कुणी खाल्ले? भुतानं?"

हिशोब आठ खेपांचा झाला. भाषण एक, श्रद्धांजल्या आठ.

पहिल्या खेपेला मी सुरुवात केली, "सुब्राय हेगडे ही व्यक्ती नव्हती, संस्था होती." अठरा माना हलल्या. तिसऱ्या खेपेपर्यंत अज्ज कर्मयोगी झाले, पाचव्या खेपेत एकाच वाक्यात दोनदा झाले. परतणारे लोक येणाऱ्यांना सांगत होते, "दहाच मिनिटं आहे. डाव्या बाजूला उभे राहा, सावली आहे." सहाव्या खेपेत एक म्हातारबाबा तारेला टेकून झोपले. पूल हलत असल्याने झोप छान लागली असावी.

आईचा चेहरा आवळलेला होता. मला वाटलं, रडू दाबतेय. सातवी खेप उतरल्यावर ती हळूच म्हणाली, "हे कुणाबद्दल बोलतोयस रे? या गृहस्थांना मी ओळखत नाही."

आठवी खेप समोर येऊन उभी राहिली. मी तोंड उघडलं. संस्था आठवेना.

"हा पूल गावासाठी बांधलेला नाही," मी म्हणालो. बीरा गौडांना ठसका लागला. "माझ्यासाठी बांधलाय. मी पाच वर्षांचा होतो. शाळा पलीकडे. इथे तेव्हा दोन ओंडक्यांचा साकव होता आणि त्याच्या मध्यावर मी रोज चड्डी ओली करायचो."

कुणीतरी फिस्सकन हसलं. मी आईकडे पाहिलं नाही. अट मोडली होती. पण हा विनोद नव्हता, हो. माझं चरित्रच तसं आहे.

"अज्ज मला खांद्यावर घेऊन साकव ओलांडायचे. म्हणजे त्यांचा सदराही रोज... दुसऱ्या कुणी सदरा बदलला असता. यांनी पूल करायला घेतला. बेंगळुरूच्या कचेरीत अकरा चकरा मारल्या. अर्जात लिहिलं, जनतेची सोय. पूल झाल्यावर मंत्र्यांच्या आधी मला त्यावर उभं केलं. मी म्हणालो, हलतो. अज्जांनी उद्घाटन आठ दिवस पुढे ढकललं आणि या बाजूच्या ताणाच्या तारा लावल्या. मी तरीही रडलो. मग त्यांनी माझे दोन्ही हात धरले आणि माझ्याकडे तोंड करून उलटे चालत गेले. ऐंशी पावलं. रोज. मी तिसरीत जाईपर्यंत. मागून सायकलवाले घंटी वाजवायचे, शिव्या द्यायचे. अज्जांनी एकदाही मागे वळून पाहिलं नाही. म्हणायचे, मागे काय आहे ते मला ठाऊक आहे, मीच बांधलंय. तू फक्त माझ्याकडे बघ."

हसणं मध्येच थांबलं. एका बाईने पदर तोंडाला लावला, आणि नेमका तेव्हाच कुणीतरी पुन्हा फिस्सकन हसलं, मग सगळेच हसत हसत डोळे पुसू लागले. पूल हलायला लागला.

काठावरून भट ओरडले, "काय झालं? काय सांगितलं त्यानं?"

"सदऱ्यावर मुतायचा म्हणे!"

"आणि आम्हाला कर्मयोगी? ही लबाडी आहे! आम्हाला परत घ्या!"

सव्वाशे माणसं पुलाकडे सरकली. आई तरातरा टोकाला गेली. वाटलं, आता ही सभा संपवणार, आणि घरी गेल्यावर मला.

तिने दोन्ही हात आडवे धरले. "ढकलाढकली नको. रांगेत या. पहिले अठरा."

मी पुन्हा पहिल्यापासून सुरू केलं. पाच वर्षांचा होतो, शाळा पलीकडे, दोन ओंडक्यांचा साकव, मध्यावर मी रोज...

"मध्यावर कुठला?" आई मागून म्हणाली. "चढायच्या आधीच. धुणं मी धुवायचे."