बाराशे चारची परवानगी

कमलाबाईंनी काय मागवलं, हे त्यांच्या हातात पडायच्या आधी वडाळ्याला कळायचं. याला कारण तिथे राहणारा त्यांचा मुलगा हर्षवर्धन. भोईवाड्यातली चाळ पडून तिथे बावीस मजली टॉवर उभा राहिला, कमलाबाईंना बाराव्या मजल्यावर बाराशे चार नंबरची जागा मिळाली, आणि सोसायटीने गेटसाठी अ‍ॅप आणलं. कोणी आलं की वॉचमन घराचा नंबर टाकणार, घरच्यांच्या फोनवर विचारणा जाणार, त्यांनी हो म्हटलं की माणूस आत. फॉर्म भरताना हर्षवर्धनने आईच्या घरापुढे स्वतःचा नंबर टाकला. "तुला कुठे ते जमणार आहे," म्हणाला. चाळीस बिऱ्हाडांच्या नळावर भांडून पाणी भरलेल्या बाईला म्हणे एक बटण दाबायला जमणार नाही!

एकदा दुपारी त्यांना कांदाभजीची तलफ आली. कोपऱ्यावरच्या दुकानात फोन करून त्यांनी प्लेट मागवली. गेटवरून विचारणा गेली वडाळ्याला. हर्षवर्धनने तिकडूनच नाही म्हटलं आणि वर आईला फोन केला, "तेलकट नको तुला. मी नाचणीची बिस्किटं पाठवतो." कमलाबाईंनी खिडकीतून पाहिलं तर त्यांची गरम भजी स्कूटरवर बसून परत निघाली होती. त्या दिवशी त्यांना जो राग आला, तो नाचणीच्या बिस्किटांनी काही शमला नाही.

पुढे थंडीत त्या न्हाणीत घसरल्या आणि उजवं मनगट मोडलं. प्लास्टर निघालं, पण हर्षवर्धनने धोशा लावला, "पुरे झालं एकटं राहणं. वडाळ्याला चल. ही जागा भाड्याने देऊ."

कमलाबाई तडकल्या. "येत्या रविवारी जेवायला या सगळे. माझ्या हातचे कोंबडी-वडे घालते. घातले तर मी इथंच राहणार. नाही घातले तर पिशवी भरून तुझ्या गाडीत बसते."

"कबूल," हर्षवर्धन म्हणाला.

बोलून बसल्या खऱ्या. गुरुवारी त्यांनी पीठ मळून एक वडा थापायला घेतला, तर मनगटातून अशी कळ निघाली की डोळ्यांत पाणी आलं. तो वडा त्यांनी तसाच तळला. तो कडेला जाड, मधे फाटका झाला होता आणि एकंदर बघवत नव्हता. त्या ओट्याशी उभ्या राहून रडल्या. वडाळ्याच्या घरात सगळं होतं, सून प्रितीही चांगली होती. पण तिथे कोणाला दार वाजवून 'काय गं, चहा टाकलास का' विचारायची सोय नव्हती.

रडून झाल्यावर डोकं चाललं. त्यांनी काळाचौकीच्या मेघनाला फोन लावला. मेघना चाळीतल्या शेजारणीची मुलगी, वडे थापायला कमलाबाईंच्याच मांडीला मांडी लावून शिकलेली, आणि आता घरून डबे पुरवणारी. तिने लगेच होकार दिला. प्रश्न फक्त गेटचा होता, कारण बाराशे चारचं नाव घेतलं की फोन वडाळ्यात वाजणार.

मग त्या समोरच्या बाराशे तीनमध्ये अप्पांकडे गेल्या. ताकाला जाऊन भांडं लपवण्यात अर्थ नव्हता, म्हणून सगळं सरळ सांगितलं. अप्पा कोर्टातले निवृत्त बेलीफ. लोक मागच्या दाराने पळायच्या आत अप्पा पुढच्या दाराने समन्स घेऊन आत शिरलेले असायचे. त्यांची कळी खुलली.

"पार्सल माझ्या नावावर येऊ द्या. गेटला मी हो म्हणतो. इथून तुमच्या ओट्यापर्यंत सात पावलं. मात्र माझी फी आहे."

"काय?"

"पंगतीत पान. आणि दोन तंगड्या."

"एक," कमलाबाई म्हणाल्या. शेवटी तंगडी एक आणि वडे हवे तितके, यावर सौदा मिटला.

रविवारी अकराला पार्सल येणार होतं आणि पाहुणे साडेबाराला. कमलाबाईंनी सकाळपासून नाटकाची तयारी केली. सुकं खोबरं आणि कांदा असा भाजला की वास लिफ्टपर्यंत जावा. कढईत तेल तापवून ठेवलं. पदराला हळद पुसली आणि गालाला थोडं पीठ लावलं. आरशात पाहून त्यांना स्वतःचंच हसू आलं.

सव्वाअकराला बाहेर लिफ्ट थांबली. कमलाबाईंनी दाराच्या भिंगाला डोळा लावला. लिफ्टमधून हर्षवर्धन बाहेर पडला होता, आणि पार्सलची भली मोठी पिशवी त्याच्याच हातात होती.

"अप्पा!" त्याने समोरचं दार वाजवलं. "खाली डिलिव्हरीवाला सर्व्हिस लिफ्टची वाट बघत ताटकळला होता. बाराशे तीन म्हणाला. म्हटलं द्या इकडे, मी वरच चाललोय."

"शाबास," अप्पा म्हणाले. त्यांचा आवाज जराही हलला नाही. "आज लवकर?"

"आईला मदत करावी म्हटलं. प्रिती येतेय मागून. काय मागवलंत, वास झकास येतोय."

"ते माझं... पथ्याचं आहे."

दाराआड कमलाबाईंनी कपाळावर हात मारला. अख्खी कोंबडी हे कुठल्या वैद्याचं पथ्य? पण अप्पांनी पिशवी स्टुलावर ठेवली आणि हर्षवर्धनच्या खांद्यावर हात टाकला.

"बरा आलास. तू महापालिकेतला इंजिनियर. आमच्या न्हाणीच्या छताला ओल येतेय, एक नजर टाक."

हर्षवर्धनला ओल म्हणजे जीव की प्राण. तो आत गेला. "दिवा कमी आहे, टॉर्च द्या," म्हणाला. अप्पांनी स्वतःचा फोन पुढे केला. तो छताकडे मान करून सिमेंटवाल्यांचा उद्धार करत असताना कमलाबाई सात पावलं चालून आल्या, डाव्या हातात पिशवी उचलली आणि सात पावलं परत गेल्या. मनगटाने कुरकुर केली, पण त्यांनी ऐकून घेतलं नाही.

हर्षवर्धन घरी आला तेव्हा रस्सा त्यांच्या पातेल्यात उकळत होता आणि वडे त्यांच्या टोपलीत रचलेले होते.

"एवढे सगळे तू केलेस? या हाताने?"

"मग काय शेजाऱ्याच्या हाताने?" कमलाबाई म्हणाल्या.

प्रिती आली, अप्पा आले, पानं मांडली. हर्षवर्धन पहिल्या घासापासूनच जेवणावर तुटून पडला. चौथ्या वड्याला म्हणाला, "हरलो मी. अगदी लहानपणीची चव आहे." कमलाबाईंना आनंद झाला आणि त्याच क्षणी लाजही वाटली. त्यांनी अप्पांच्या पानात कबूल नसलेली दुसरी तंगडी वाढली.

इतक्यात हर्षवर्धनचा फोन वाजला. उजवा हात रश्श्यात माखलेला, म्हणून त्याने डाव्या बोटाने फोन स्पीकरवर टाकला.

"साहेब, मी अवधूत, गेटवरून. डिलिव्हरी आलीय."

"आम्ही काही मागवलं नाही."

"सकाळच्या कोंबडी-वड्यांबरोबरची सोलकढी राहिली होती म्हणे, ती काळाचौकीच्या ताईंनी मागून पाठवलीय. बाराशे तीनच्या अप्पांचा फोन नुसता वाजतोय. ते आज जेवायला तुमच्याकडे आहेत असं सकाळी म्हणाले होते, म्हणून तुम्हाला लावला. सोडू का?"

अप्पांचा हात खिशाकडे गेला. फोन न्हाणीतल्या फळीवर होता, हर्षवर्धनने ठेवला तिथेच. पंगतीत कोणी चावेनासं झालं.

हर्षवर्धनने टोपलीकडे पाहिलं, मग अप्पांकडे. "पथ्याचं?"

अप्पांनी हाड पानात ठेवलं.

"म्हणजे ती पिशवी... मीच वर आणली?"

"आणि रीतसर पोचती केलीस," अप्पा म्हणाले.

प्रितीला आधी ठसका लागला, मग हसू. कमलाबाई मात्र हसल्या नाहीत.

"हर्षा, खोटं बोलले मी. वडे मेघनाचे आहेत. तिला शिकवले मी, पण थापले तिने. माझा हात वडे थापायला चालत नाही. पण घर चालवायला चालतो रे. मला इथून नको हलवूस. इथं माझी माणसं आहेत, तिथं मी पाहुणी होईन."

प्रिती म्हणाली, "अहो, आईंनी तुमच्या फोनला चुकवून अख्खी कोंबडी बारा मजले चढवली, तीही तुमच्याच हातून. ह्यांना सांभाळायला आपण पुरे पडणार आहोत का?"

"साहेब," फोनमधून अवधूत म्हणाला, "सोडू की परत पाठवू?"

हर्षवर्धनने आईकडे पाहिलं. तिच्या गालावरचं पीठ अजून तसंच होतं.

"सोड," तो म्हणाला. "आणि अवधूत, बाराशे चारचा नंबर बदलून टाक. आईचा घाल."

सोलकढी वर आली. अप्पा दोन वाट्या प्यायले आणि फीमध्ये धरू नका म्हणाले.

पुढच्या रविवारी सकाळी कमलाबाई चहा पीत असताना त्यांचा फोन वाजला. चष्मा लावून त्यांनी पाहिलं, मग स्पीकर लावला.

"आजी, गेटवर हर्षवर्धन साहेब उभे आहेत. सोडू का?"

कमलाबाईंनी बशीतला उरलेला चहा आधी संपवला.

"हातात काय आहे त्याच्या?"

"केळी आहेत. आणि नाचणीची बिस्किटं."

"बिस्किटं परत पाठव," कमलाबाई म्हणाल्या. "त्याला सोड."