काठोकाठ भरलेली बॅटरी

नळकाकांचा जन्मभर एकाच गोष्टीवर विश्वास होता, ती म्हणजे पातळी. टाकीत पाणी दिसलं की नळाला येणार. नाही आलं, तर मधे कुठंतरी गळतंय किंवा तुंबलंय. तिसरं कारण जगात नाही. एवढ्या एका अकलेवर त्यांनी अर्ध्या वस्तीच्या मोऱ्या आणि संडास धड केले होते, मुलीचं शिक्षण केलं होतं, आणि गुडघे कुरकुरायला लागल्यावर पान्ह्यांची पिशवी माळ्यावर टाकून दिली होती. अशा माणसाला म्हातारपणी एका बॅटरीनं गंडवावं, हे काही बरं झालं नाही.

बॅटरी होती इन्व्हर्टरची, आणि इन्व्हर्टर होता काकूंसाठी. काकूंची फुप्फुसं अधू झाल्यापासून पलंगाशेजारी ऑक्सिजनचं मशीन घरघरत असायचं आणि त्याची नळी काकूंच्या नाकाला. लाइट गेली की मशीन बॅटरीवर चालायचं. म्हणजे चालायला हवं होतं. न्हाणीघराच्या भिंतीला लागून जो बोळ होता, तिथं ही बॅटरी ठेवलेली. इन्व्हर्टरवर हिरवा दिवा, म्हणजे चार्जिंग फुल. बॅटरीच्या झाकणांतली तरंगती बोंडं वर आलेली, म्हणजे पाणी फुल. आणि लाइट गेली की जरा वेळात तो इन्व्हर्टरचा डबा टीं टीं करून कोकलायचा आणि गप्प पडायचा. पुन्हा लाइट आली की बघता बघता दिवा हिरवा! इतक्या लवकर पोट भरणारं आणि इतक्या लवकर भूक लागणारं काकांनी तान्हं पोरही पाहिलं नव्हतं.

एकदा नेमका मुलीचा फोन चालू असताना हे झालं. मुलगी परगावी नोकरीला होती, रोज सकाळी आईशी बोलायची. बोलता बोलता लाइट गेली, डबा कोकलला, मशीन बंद पडलं, आणि मुलीला पलीकडे नुसती आईची धाप ऐकू येत राहिली. लगेच लाइट आली म्हणून निभावलं. पण पोरीचा जीव टांगणीला लागायचा तो लागलाच.

"बाबा, मी रविवारी येते," ती म्हणाली. "ती बॅटरी माझ्यासमोर नीट चालली तर ठीक. नाहीतर आईला घेऊन जाते. आमच्याकडे लाइट जात नाही, हॉस्पिटल समोरच आहे."

"आणि मी?"

"तुमचं नंतर बघू ना बाबा. एका खोलीत राहतो आम्ही. आईची खाट कशीबशी बसेल."

काकांनी फोन काकूंकडे परत दिला. बायकोवाचून आपलं कसं व्हायचं, हे तोंडानं म्हणायची त्यांना सवय नव्हती. त्यातून मुलीच्या घराचा विषय निघाला की काकू म्हणायच्या, "छान आहे हो तिकडे, हवा येते." तेव्हा हिला जायचंच आहे, अशी काकांची पक्की समजूत. विचारून पाहावं? छे! विचारलं आणि ती 'हो' म्हणाली म्हणजे? त्यापेक्षा बॅटरी दुरुस्त करावी. बॅटरी चालली तर कुणाला काही विचारायची पाळीच येणार नाही.

बॅटरीवाला आला. तरतरीत गडी, तोंड हातापेक्षा जास्त चालायचं. त्यानं हिरवा दिवा बघितला, बोंडं बघितली, तारा हलवून पाहिल्या.

"काका, सगळं फर्स्टक्लास आहे. लोड जास्त लावता का?"

"हिचं मशीन आणि एक पंखा."

"मग पंखा लावू नका."

पंखा बंद केला. टीं टीं काही बंद होईना. फोन केला तर म्हणाला, "मग डबाच गेला असेल." थोड्या वेळानं त्याचाच उलट फोन आला, "डबा सहसा जात नाही हो काका. तुम्ही पाणी बघत राहा. बॅटरी पाण्यावर जगते." फोन स्पीकरवर होता. काकांनी मान डोलावली. पलंगावर काकूंनीही डोलावली, पण तिकडे कोण बघतंय.

आता नळवाल्याला पाणी बघत राहा म्हणणं म्हणजे काय! काकांनी एका बोंडाच्या दांडीवर पेनानं रेघ मारली आणि रोज संध्याकाळी रेघेपर्यंत डिस्टिल्ड वॉटर घालू लागले. पण दुसऱ्या संध्याकाळी बघावं तर रेघ वर! तिसऱ्या संध्याकाळी तेच. सगळ्या जगाच्या बॅटरीतलं पाणी कमी होतं, यांच्या बॅटरीतलं वाढत होतं. काकांनी चष्मा पुसला, पुन्हा घातला. रेघ वरच. आडात नाही तर पोहऱ्यात कुठून येणार, हे त्यांनी हजार गिऱ्हाइकांना ऐकवलं होतं. इथं आड आपोआप भरत होता आणि पोहरा कोरडा. काका कितीतरी वेळ त्या बोंडाकडे बघत उकिडवे बसले. डोकंच चालेना.

मग त्यांना बॅटरीखाली ओल दिसली.

ओल दिसली आणि काकांना एकदम हुशारी आली. ओल म्हणजे गळती, आणि गळती म्हणजे आपलं राज्य. भिंतीतला पाइप झिरपत असणार. तीच दमट हवा बॅटरीत शिरत असणार, म्हणून पाणी वाढतंय, म्हणून बॅटरी बिघडलीय. एकाचा दुसऱ्याशी संबंध नाही, पण घाबरलेल्या माणसाला कुठलाही संबंध चालतो. माळ्यावरची पिशवी खाली आली. छिन्नी-हातोडा सुरू झाला.

"अहो, भिंतीनं काय केलंय तुमचं?" काकूंनी आतून विचारलं.

"गप्प बैस. सापडलंय."

सापडला तो ठणठणीत कोरडा पाइप. काकांनीच ऐन उमेदीत बसवलेला, एकेक सांधा बघत राहावा असा. साप साप म्हणून भुई धोपटली, घरभर धूळ झाली, काकूंना खोकल्याची उबळ आली, आणि बॅटरी होती तिथंच. रविवार उद्यावर आला होता.

हात धुऊन काका खोलीत आले, तर काकू त्यांच्या गुडघ्याकडे बघायला लागल्या. पायजम्याला बारीक बारीक भोकं पडली होती.

"उंदीर लागला वाटतं," काकू म्हणाल्या.

"माणूस आत असताना उंदीर पायजमा खातो का?"

काकांनी कापड बोटानं ओढून पाहिलं, तर ते राखेसारखं सुटलं. ही भोकं ओळखीची होती. तुंबलेल्या मोऱ्यांत ॲसिड ओतून ओतून त्यांचे कामाचे सगळे कपडे असेच व्हायचे. म्हणजे ती ओल पाइपाची नव्हतीच. बॅटरी वरून उतू जात होती, आणि तिच्यातलं ॲसिड फरशीवर येत होतं. पण उतू जाईल कशी? आपण तर रेघेपर्यंतच घालतो. रेघेच्या वर कोण घालतं? घरात माणसं दोन, त्यातलं एक नळीला बांधलेलं. काका पुन्हा गोंधळले.

डोक्याला विश्रांती म्हणून ते दोरीवरचे वाळलेले कपडे काढून घड्या घालायला बसले. चादर झाली, टॉवेल झाला, मग काकूंचा गाऊन हातात आला. बाहीच्या कडेला बारीक बारीक भोकं. तशीच. काखेत कळसा होता तर!

गाऊन घेऊन काका पलंगाशी गेले.

"हा गाऊन घालून तू बोळात कशाला गेली होतीस?"

काकूंनी नाकाची नळी उगीचच सारखी केली. "गेले तर गेले. घर माझं नाही?"

"पाणी तू घालतेस?"

"उकळून, गार करून, गाळून घालते. तुमच्या त्या बाटलीपेक्षा स्वच्छ."

"कधी?"

"दुपारी. तुम्ही घोरता तेव्हा."

"नळी काढून? एवढं चालत? धाप लागून पडली असतीस म्हणजे?"

"भिंत धरून जाते. मधे खुर्चीवर बसते, मग पुढं जाते." बोलतानाही त्यांना दम लागला. "तो म्हणाला ना, बॅटरी पाण्यावर जगते. तुमचे हात थरथरतात, निम्मं बाहेर सांडत असेल, म्हटलं आपण जरा भर घालावी. रविवारपर्यंत ती जगायला नको का? नाहीतर नेईल ना मला पोरगी."

"तुला जायचं नाही?"

"जायचंय असं कोण म्हणालं?"

"तूच. छान आहे म्हणतेस, हवा येते म्हणतेस."

"हवा येते म्हटलं. राहायला जाते म्हटलं का?" काकूंनी तोंड भिंतीकडे वळवलं. "मला वाटलं, तुम्हीच कंटाळलात माझं करून करून. पोरगी नेते म्हणाली तेव्हा एकदा तरी 'नको' म्हणालात का? भिंत फोडलीत, पण तेवढं काही तोंडातून निघालं नाही."

काकांचे डोळे भरून आले. त्यांनी गाऊनची घडी घातली, मोडली, पुन्हा घातली. मग पलंगावर बसून त्यांनी बायकोचा हात हातात घेतला. म्हणायचं ते याही वेळी जमलं नाही, पण काकूंनी हात काढून घेतला नाही.

संध्याकाळी बॅटरीवाला पुन्हा आला. या वेळी त्यानं बॅटरीतलं पाणी ॲसिड मोजायच्या एका काचेच्या नळीत ओढून घेतलं. नळीतला काटा तरंगायचा सोडून तळाला जाऊन बसला.

"काका, बॅटरी आधीच म्हातारी झाली होती, त्यात आता ॲसिड उरलंच नाही. नुसतं पाणी आहे. अशी बॅटरी पटकन भरल्यासारखी दाखवते आणि पटकन बसते. ही गेली आता. नवीनच घालावी लागेल."

"मग ही नळी पहिल्या दिवशी का नाही लावलीस?"

"दिवा हिरवा होता ना, काका," तो म्हणाला. उद्या दुपारी नवीन घेऊन येतो, असं सांगून तो गेला.

रविवारी सकाळी मुलगी आली. बॅग दारातच टाकून आधी आईला भेटली, मग तडक बोळात गेली. फोडलेली भिंत बघून तिनं कपाळाला हात लावला, पण इन्व्हर्टरकडे बघून तिचा चेहरा जरा सैल झाला.

"बाबा, फुल दाखवतंय की. झालं का नीट?"

दिवा हिरवागार होता. लाइटही जायचं लक्षण दिसत नव्हतं. 'हो' म्हणायला कितीसा वेळ लागतो? म्हटलं असतं तर पोरगी आल्या पावली सुखानं परत गेली असती, आणि दुपारी नवी बॅटरी आलीच असती की. काकांच्या ओठांवर आलेही होते शब्द. मग त्यांना मागून मशीनची घरघर ऐकू आली.

"नाही," काका म्हणाले. "दिवा खोटा आहे. बॅटरी मेलीय. मी संध्याकाळी पाणी घालत होतो, ही दुपारी. दोघांनी मिळून बुडवली."

मुलीनं सगळं ऐकून घेतलं. हसावं की ओरडावं, तिला कळेना. आई बोळापर्यंत एकटी चालत गेली हे कळल्यावर मात्र ती पांढरीफटक पडली.

"बाबा, ह्यात माझंच म्हणणं खरं झालं ना? मग नेऊ का नको आईला?"

काकांनी एकदा तिच्याकडे बघितलं, एकदा पलंगाकडे.

"मला विचारशील, तर नको. मला ती इथं हवी आहे," ते म्हणाले. या वेळी जमलं. "पण तू तिलाच विचार. मी बॅटरीवाल्याला विचारलं, बोंडांना विचारलं, भिंतीलासुद्धा विचारलं. हिलाच तेवढं विचारायचं राहिलं."

मुलगी आईजवळ येऊन बसली. "आई, बोल. काय करायचं?"

काकूंनी दोन श्वास नीट घेतले.

"दुपारी नवी बॅटरी येतेय. तू दोन दिवस राहा, लाइट बंद करून स्वतः तपासून बघ. आणि तिचं पाणी मी बघणार. माझी खुर्ची तिथंच ठेवा, नळी लांबवून द्या. ह्यांनी हात लावायचा नाही."

"अगं आई, बॅटरीचं नाही विचारत मी. तुला राहायचं कुठं, ते विचारतेय."

"मग मी काय सांगतेय?" काकू म्हणाल्या.