अंगठ्याएवढा व्हेप

एल्युनेड प्रॉसर वेल्समधल्या स्वान्सी शहरात सिटी बस चालवते. सत्तावीस दिवसांत तिने एकही सिगारेट ओढली नव्हती. सोमवारी चार वाजता दवाखान्यात श्वासाची चाचणी होती. आकडा सहाच्या वर गेला तर गुरुवारचं खुब्याचं ऑपरेशन रद्द, आणि पुन्हा रांगेच्या शेवटी. या रांगेत तिचे चौदा महिने गेले होते.

सिगारेटच्या जागी आता अंगठ्याएवढा निळा व्हेप, म्हणजे बॅटरीवरची ई-सिगारेट होती. त्याला बटण नाही, ओढलं की चालू. निकोटिन मिळतं, पण चाचणीत धुराचा जो वायू पकडतात तो नसतो. खिशात असला तरी कळत नाही. तोंडाशी जरा गळतो, आणि तिसऱ्या दिवशी पुदिन्याची चव जळकट लागते, तेवढं तिने चालवून घेतलं होतं. खरा दोष बॅटरीचा. एवढ्याशा अंगात ती मावणार किती?

त्या सोमवारी सकाळी अकरालाच त्याचा दिवा लाल झाला. शेवटच्या थांब्यावर तिने व्हेप प्रवाशांच्या सीटजवळच्या सॉकेटला चार्जिंगला लावला. बाराला स्टेशनसमोर तिची पाळी संपली. पुढच्या पाळीचा ड्रायव्हर इद्वल मॉर्स चढला, ती उतरली, बस गेली. मग तिने खिसा चाचपला.

बस फिरून यायला सत्तर मिनिटं होती. थांब्यामागच्या आडोशाला तिच्याच डेपोतली ड्रायव्हर, नॉन, उभी राहून सिगारेट ओढत होती.

"किती वेळा खिसा चाचपशील?" नॉन म्हणाली. "घे गं एक. एकाने काय होतंय?"

"आकडा चढतो. नर्सनेच सांगितलंय."

"नर्सांना घाबरवायचाच पगार मिळतो."

एल्युनेड वाऱ्याच्या बाजूला सरकली. समोरच्या दुकानात व्हेप मिळत होते, पण तिथेच सिगारेटही मिळत. काउंटरपाशी तोंडातून काय निघेल, याची तिला खात्री नव्हती.

एक दहाला बस आली. इद्वलने खिडकी सरकवली.

"ते निळं हायलायटर तुझं होय? एका आजींनी आणून दिलं. सापडलेल्या वस्तूंच्या पिशवीत टाकलं मी."

"दे इकडे."

"सील केली. डेपोला नंबरही कळवला. आता डेपोतच उघडायची."

"इद्वल, ते माझं आहे, तुला माहीत आहे."

"मला माहीत आहे गं, साहेबाला नाही. मागे एकाची छत्री अशीच परत दिली, तर मलाच तंबीचं पत्र आलं."

"डेपोत कधी पोचशील?"

"साडेपाचला."

बस निघाली. नॉनने पाकीट पुढे केलं. एल्युनेडने त्यातली एक सिगारेट अर्धी बाहेर काढली, बोटात धरून ठेवली, आणि परत आत ढकलली. मग दुखऱ्या पायाने, जमेल तेवढ्या वेगाने, ती दवाखान्याकडे चालू लागली.

"तुमची वेळ चारची आहे," खिडकीतली बाई म्हणाली.

"आत्ताच घ्या. चारपर्यंत माझा मलाच भरवसा नाही."

नर्सने तिच्याकडे एकदा पाहिलं आणि यंत्र आणलं. पंधरा सेकंद श्वास रोखायचा, मग नळीत सावकाश सोडायचा. एल्युनेडला अकराव्या सेकंदालाच खोकला आला. दुसऱ्या वेळी जमलं. आकडा एक झाला, दोन झाला, तीनवर थांबला.

"तीन," नर्सने लिहून घेतलं. "गुरुवार पक्का. फक्त तोवर एकही ओढू नका."

"साडेपाचपर्यंत मी इथेच बसले तर चालेल का?" एल्युनेडने विचारलं.