मान टाकलेली रोपं

बियाण्यांच्या प्रयोगशाळेत तिला सगळे अंकुरबाई म्हणायचे. सासऱ्यांच्या कानावर ते गेलं, तेव्हापासून घरीही तेच नाव चिकटलं. तर त्या सोमवारी अंकुरबाईंनी काचघराचं दार उघडलं आणि बघतात तर काय! अर्ध्या कुंड्यांतली माती ओली!

आता ओल्या मातीचं एवढं काय, म्हणाल. अहो, सगळी मेख तिथंच! मक्याच्या बियाण्यात तिनं एका चिवट रानगवताचा गुण घातला होता. पाण्यावाचून तग धरेल असा मका करायचा होता. पाच वर्षं त्यापायी गेली, केस पिकले, लेकीचं एक स्नेहसंमेलन धड बघणं झालं नाही. हा शेवटचा प्रयोग. अर्ध्या कुंड्यांत तिचं बियाणं, अर्ध्यांत साधं, आणि पाणी बंद. कुंड्या मुद्दाम सरमिसळ केलेल्या. तिच्या कुंड्यांच्या तळाला तेवढा लाल ठिपका. आज मोठे साहेब निकाल बघायला येणार होते. तिचं बियाणं टिकलं तर काम पुढे, नाहीतर गाशा गुंडाळा.

काल ती तापानं फणफणली होती. "बाबा, काचघरातला पंखा चालू आहे का तेवढं बघून या," असं सांगून तिनंच सासऱ्यांना पाठवलं. पाणी घालू नका, हे सांगायचंच राहिलं. तिच्या ते इतकं अंगवळणी पडलेलं, की दुसऱ्याला सांगावं लागतं हेच सुचलं नाही. आजही ताप पुरता उतरला नव्हता, म्हणून म्हातारबुवा सोबत आले होते.

"बाबा, पाणी घातलंत?"

"मग काय! बिचारी तहानेनं मेली असती. एवढी शिकलेली माणसं तुम्ही, रोपांना घोटभर पाणी द्यायचं कळत नाही?"

झालं, सगळं मुसळ केरात! ती मटकन स्टुलावर बसली. 

"सगळ्यांना का नाही घातलंत मग?"

"जी ताठ होती त्यांना कशाला? मान टाकलेल्यांनाच घातलं."

ती चटकन उठली. मान टाकलेली म्हणजे साधी! म्हणजे आपली ताठ होती की! तिनं एक ओली कुंडी उचलून तळ पाहिला. लाल ठिपका. दुसरी उचलली, तिसरी उचलली. लाल. ओल्या झाडून सगळ्या तिच्याच होत्या.

तिला रडू आलं, पण रडायचाही कंटाळा आला होता.

सासऱ्यांना ठिपक्याचं काही कळलं नाही, पण सुनेचा चेहरा कळला. "माझ्या हातून घोळ झाला का गं?" ते हळूच म्हणाले. "मग सांग ना साहेबांना, म्हाताऱ्यानं वाटोळं केलं म्हणून. पुन्हा करू दे म्हणावं. माझं काय जातंय?"

खोटं तरी कुठे होतं ते? वर्षभराची मुदत सहज मिळाली असती. ती विचार करतेय तोवर साहेब दारात हजर.

"वा, अंकुरबाई! सगळीच्या सगळी ताठ उभी, म्हणजे तुमचीही टिकली! जिंकलात की हो!"

घ्या! आता तर थाप मारायचीही गरज नव्हती. नुसतं गप्प राहिलं तरी भागलं असतं. पण हे बियाणं उद्या कुणाच्या तरी कोरड्या शेतात पडलं असतं, आणि तिथं म्हातारबुवा झारी घेऊन जाणार नव्हते.

"नाही साहेब," ती म्हणाली. "माझी सगळी कालच पडली होती. बाबांनी पाणी घातलं म्हणून उभी दिसतायत. हे बियाणं नाही टिकत."

 साहेबांनी कुंड्यांमधून एक फेरी मारली, तिच्या खांद्यावर थोपटलं आणि ते निघून गेले.

कोपऱ्यातली झारी सासऱ्यांनी उचलली, पण आता हात धजेना. "आता तरी घालू का गं बाकीच्यांना?"

"घाला बाबा," ती म्हणाली. "आता सगळ्यांना घाला."