टेकडीवरचा करंज

“जुई नाही ही. कुंद आहे.”

मुलगी बघायला आलेल्या गोपाळकृष्णांचं कुसुमताईंशी पहिलं बोलणं ते एवढं. हातात पोह्यांची बशी, नजर त्यांच्या वेणीतल्या गजऱ्यावर. आज वारज्याच्या टेकडीवर, करंजाच्या बुंध्याशी रुतलेला दगड उपसताना तो तरुण, ठाम आवाज कुसुमताईंना पुन्हा ऐकू आला आणि त्या गालातल्या गालात हसल्या.

त्या दिवसानंतर उभ्या संसारात या माणसाने त्यांची एकही चूक दुरुस्त केल्याशिवाय सोडली नव्हती. आमटीतलं मीठ, भिंतीवरचं घड्याळ, पाहुण्यांना रंगवून सांगितलेली गोष्ट. बँकेत दुसऱ्यांच्या चुका काढायचीच नोकरी केली, आणि निवृत्त झाल्यावर टेकडीच्या चुका काढायला घेतल्या.

टेकडीची सगळ्यात मोठी चूक म्हणजे गिरिपुष्प. कुणी एके काळी हिरवाईच्या घाईत लावलेलं हे परदेशी झाड वाढतं भराभर, आणि आपल्याखाली गवताचं पातं टिकू देत नाही. गोपाळकृष्ण आणि त्यांची रविवारची मंडळी ही झाडं मुळासकट काढत, इथलं गवत परत आणत, पावसाने खचलेली पायवाट दगड रचून सावरत. आपल्या वाटणीच्या उतारावर त्यांनी एकही गिरिपुष्प ठेवलं नव्हतं.

एक सोडून.

ते कुसुमताईंनी लावलेलं. रोपवाल्याने करंज म्हणून दिलं, त्यांनी करंज म्हणून लावलं, उन्हाळाभर नारायण पेठेतल्या घरून पाण्याच्या बाटल्या वाहून जगवलं. मग एका माघात त्याची पानं गळाली आणि उघड्या फांद्यांवर गुलाबी घोस लागले. शाळेच्या मुलांपुढचं नवऱ्याचं भाषण त्यांना पाठ होतं: “पानं नाहीत, नुसती गुलाबी फुलं, की ओळखायचं.” त्यांनी ओळखलं. शेजारी उभ्या गोपाळकृष्णांनीही ओळखलं. त्यांनी चष्मा पुसला, घसा खाकरला. कुसुमताई वाट बघत राहिल्या.

“करंज बरा फुललाय,” ते म्हणाले.

कुसुमताईंच्या हातातलं थर्मासचं झाकण उतारावरून घरंगळत गेलं.

तेव्हापासून सगळी मंडळी त्या झाडाला सांभाळून घेत होती. करवत घेतलेला आमोद त्याच्यापाशी आला की आभाळाकडे बघे. मूळचा अमरावतीचा बद्रीनाथ दर रविवारी न चुकता म्हणे, “काकू, तुमचा करंज तं मस्तच वाढून राहिला ना.” पाहुणे आले, की नेमक्या त्या झाडाच्या वळणावर गोपाळकृष्ण पलीकडच्या दरीकडे बोट दाखवत: “तो बघा, मोर.” मोर आजवर कुणालाच दिसला नव्हता. काही पाहुण्यांनी मात्र दिसल्याचं कबूल केलं होतं.

आणि कुसुमताई? त्या झाडाला पाणी घालत आणि मनातल्या मनात ओवी जुळवत:

*माझ्या करंजाला बाई, पान कोवळं कोवळं,*
*नित्य बोलत्या ओठांना, कुणी कुलूप लावलं.*

कुलूप आपणच उघडलं, तर आतलं उडून जाईल अशी त्यांना भीती होती. म्हणून त्याही बोलल्या नव्हत्या.

आज भाद्रपदाचं ऊन पडलं होतं, गवताला तुरे आले होते. स्वराली नावाची मुलगी पहिल्यांदाच आली होती, आयटीतली, हातात फोन. कुणी आभाळाकडे बघायच्या आत तिने करंजाचा फोटो काढला.

“काका, हे तर गिरिपुष्प आहे. अ‍ॅप म्हणतंय नाइंटी एट पर्सेंट शुअर.”

बद्रीनाथचं फावडं थांबलं. आमोद चपलेतला खडा शोधू लागला. त्याच्या पायात बूट होते.

“उरलेल्या दोन टक्क्यांत करंज बसतो,” गोपाळकृष्ण म्हणाले. “आणि अ‍ॅपला एवढं कळत असेल, तर त्यालाच चार दगड उचलायला सांगा.”

स्वराली दगड उचलायला गेली. कुसुमताईंनी पदराने तोंड पुसण्याच्या निमित्ताने हसू लपवलं. लोकांच्या देखत, त्यांच्यासाठी, या माणसाने धडधडीत खोटं बोलावं. असं सुख लपवून तरी किती लपवणार.

चहाच्या वेळी गोपाळकृष्ण दिसेनात. कुसुमताई पेला घेऊन करंजाच्या मागे गेल्या आणि थबकल्या.

डॉक्टरांनी बजावलं होतं, जमिनीवर बसायचं नाही. गोपाळकृष्ण दोन्ही गुडघे टेकून गवतात ओणवे झाले होते. करंजाच्या शेंगा फुटून बिया उडाल्या होत्या आणि यंदाच्या पावसाने नव्या गवतात जिकडेतिकडे गिरिपुष्पाची पोरं उगवली होती. एकेक उपटून ते खिशात कोंबत होते. दोन्ही खिसे फुगले होते, लेंगा चिखलाने माखला होता.

“काय करताय?”

“काही नाही. कंगवा पडला.”

त्यांच्या टकलावर ऊन चमकत होतं.

कुसुमताईंनी पेला दगडावर ठेवला. गवताकडे पाहिलं, खिशांकडे पाहिलं, चिखलात टेकलेल्या गुडघ्यांकडे पाहिलं. मग पायवाटेकडे वळून हाक दिली.

“आमोद, कुदळ आण रे. आणि करवत.”

“करवत कशाला?” गोपाळकृष्ण दचकले.

“गिरिपुष्प आहे हे. काढून टाकू.”

“त्या पोरीच्या फोनचं काय ऐकतेस?”

“फोनचं नाही. शाळेच्या मुलांना तुम्ही सांगता, ते ऐकलंय.”

हातातलं रोप कुठे ठेवावं ते गोपाळकृष्णांना सुचेना.

“कधीपासून माहीत आहे तुला?”

“तुम्हाला आहे तेव्हापासून.”

“मग बोलली का नाहीस? मी इथे लोकांना मोर दाखवत बसलो.”

कुसुमताईंनी हात पुढे केला. तो धरून, दुसरा हात बुंध्याला लावून, ते कण्हत उभे राहिले. त्यांच्या बाहीवरची माती झटकताना कुसुमताईंनी वर पाहिलं नाही.

“माझी चूक दिसली आणि तुम्ही गप्प बसलात, असं एकदाच झालं,” त्या म्हणाल्या. “ते गप्प बसणं मला अजून थोडे दिवस ऐकायचं होतं.”