त्याच्या आजोबांचा नसलेला कोट

मित्रांनो, मी मेंढीच्या कातड्याचा एक जुना कोट आहे. रोमानियातल्या एका डोंगरगावात त्वादेर नावाच्या मेंढपाळासाठी मला शिवले. आयुष्यभर मी त्याच्याबरोबर कुरणात झोपलो. तो वारल्यावर त्याची बायको पारास्किवा मला घालून गोठ्यात जाऊ लागली. माझ्या लोकरीला त्याच्या तंबाखूचा वास येई. कधीकधी ती कॉलर नाकाशी धरून उगाच उभी राही.

मग राष्ट्राध्यक्षपदाची निवडणूक आली. ब्रेझोई नावाच्या उमेदवाराला खेड्यांत कोणी विचारत नव्हते. त्याने मेंढी पाहिली होती ती फक्त ताटात. त्याच्या प्रचारप्रमुख सोरिनाबाई गावातून जात असताना मी कुंपणावर ऊन खात होतो.

"मावशी, एका दिवसापुरता द्या. फोटो काढला की लगेच परत."

"जपून न्या हं. माझ्या माणसाचा आहे," पारास्किवा म्हणाली.

प्रचाराच्या बसमध्ये सगळ्यांनी मला हुंगून नाके मुरडली. कोणीतरी माझ्यावर अत्तराची अख्खी बाटली रिकामी केली.

"हे जनावर मी अंगात घालू?" ब्रेझोई किंचाळला.

"आतून रेशमी शर्ट घाला. आणि लक्षात ठेवा, हा तुमच्या आजोबांचा कोट."

"माझे आजोबा दातांचे डॉक्टर होते!"

"होते. आजपासून मेंढपाळ," सोरिनाबाई म्हणाल्या आणि सगळी बस खिदळली.

इतकी हलकी माणसे मी कधी पाहिली नव्हती. सभेत ब्रेझोई माझी बाही डोळ्यांना लावून रडे. "या कोटाला माझ्या आजोबांच्या घामाचा वास आहे!" समोरच्या बायकाही डोळे पुसत. बसमध्ये परतला की तो मला सीटखाली फेकी, आणि त्याची माणसे माझ्यावर सूर्यफुलाच्या बियांची टरफले थुंकत. एक दिवस कधीच उलटून गेला होता.

"म्हातारीचा फोन आहे," ड्रायव्हर म्हणे.

"वाजू दे," सोरिनाबाई म्हणत.

शेवटची सभा जिल्ह्याच्या गावी, भर बर्फात होती. पारास्किवा तिथे आली आणि कोपरांनी वाट काढत थेट मंचापाशी पोचली. तिला ढकलून द्यावे, तर समोर कॅमेरे होते. "वर घ्या. मिठी मारा," सोरिनाबाई कुजबुजल्या.

ब्रेझोईने मिठी मारली. पारास्किवा म्हणाली, "चल, काढ."

"काय काढू, आजी?" माईकवर हात ठेवून त्याने हसतमुखाने विचारले.

"कोट. माझ्या नवऱ्याचा आहे."

बर्फात खेळून आलेल्या पोराचे कपडे उतरवावेत तशी तिने माझी बटणे सोडली. ब्रेझोई रेशमी शर्टात कुडकुडत उभा राहिला. आता याचे बिंग फुटणार म्हणून मला कोण आनंद झाला! मी किती भोळा होतो, मित्रांनो. सोरिनाबाईंनी झडप घालून माईक घेतला.

"पाहिलंत? आजोबांची शेवटची आठवण यांनी एका गरीब आजीला देऊन टाकली!"

चौक टाळ्यांनी दणाणला. "खोटं आहे!" पारास्किवा ओरडली, पण तोवर बँड सुरू झाला होता. दुसऱ्या दिवशी त्या क्षणाचा फोटो सगळ्या वर्तमानपत्रांत आला, आणि ब्रेझोई निवडून आला.

सभेहून परतताना गाडीत पारास्किवाने माझ्या लोकरीत नाक खुपसले होते. पुन्हा पुन्हा हुंगले. मग मान वळवून ती खिडकीबाहेर पाहत बसली. तिचा त्वादेर अत्तराने धुऊन नेला होता.

गावात लोक म्हणाले, "नशीब काढलंस गं! प्रत्यक्ष राष्ट्राध्यक्षांचा कोट!" तिने काही दिवस खरे सांगून पाहिले. लोक मानेने हो म्हणत आणि बाजूला जाऊन हसत. मग तिने सांगणे सोडले. पुढे पक्षाची माणसे मला काचेच्या पेटीत ठेवायला मागू लागली, तेव्हा ती म्हणाली, "फाटकात पाय टाकलात तर कुत्रा सोडीन."

मित्रांनो, जुन्या कोटाला ऊन दाखवा, कसर लागू देऊ नका, आम्हाला तेवढे पुरते. पण कोणी तुमच्या माणसाचा कोट उसना मागायला आला, तर आधी एवढे बघा, की त्याला खरोखर थंडी वाजते आहे का.